अनुभव धागा: बाळ सांभाळायला दुसरं घर कसं निवडलंत?

रेडिंगकर
काल माळ्यावरचं खोकं काढलं आणि लेकीची लाल वही हाती लागली. तिच्या चाइल्डमाइंडरने (इथे इंग्लंडात स्वतःच्या घरी मुलं सांभाळणारी बाई) रोज लिहिलेली. ८ सप्टेंबर २०१४: सकाळी १० ला झोपली, ४० मिनिटं. अर्धं केळं. वरणभात सगळा. दुपारी रांगत दारापाशी जाऊन रडली, मग मांजर दिसलं आणि थांबली.
ते वाचून मी तेव्हा बसमध्ये रडले होते. काल परत रडले. लेक आता इयर सेव्हनला आहे.

ती दहा महिन्यांची असताना माझी रजा संपली. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, यादीतून सात जणींना फोन केले. पाच जणींचं पहिल्या वाक्यातच नाही, कारण वर्षाखालचं सहसा एकच बाळ ठेवता येतं आणि ती जागा भरलेली. उरलेल्या दोघींची घरं बघून आलो. पहिलं घर लखलखीत, ऑफस्टेडचा, म्हणजे शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, शेरा आउटस्टँडिंग. बाई छान होत्या, पण सगळा वेळ माझ्याशीच बोलल्या. दुसरीकडे सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, शेरा नुसता गुड. ती बोलता बोलता खाली बसली, लेकीसमोर एक लाकडी चमचा ठेवला आणि गप्प राहिली. हात लावला नाही, कडेवर घेतलं नाही. लेकीने किती वेळ लावला तो उचलायला! ती तेवढा वेळ बसून राहिली. माझं तिथेच ठरलं.

तुम्ही कशावरून ठरवलंत? लिहा. अर्धवट आठवत असेल तरी लिहा.

निळी_छत्री
ताई, वेळेवर धागा काढलास. गुरुवारी दोन घरं बघायला जायचंय. मुलगा ११ महिन्यांचा. पोटात गोळा आलाय नुसता. सविस्तर नंतर लिहिते, उठला वाटतं.

डबेवाली_स्लाव
आमची पोलिश होती. पहिल्या दिवशी डबा दिला, मुगाची खिचडी नि तूप. संध्याकाळी विचारते, हे पिवळं काय होतं, मी थोडं चाखलं. महिन्याभरात ती स्वतः करायला लागली, हिंगासकट! माझा मुलगा अजून तिच्या खिचडीची आठवण काढतो. निवडलं कशावरून विचाराल तर घर शाळेच्या रस्त्यावर होतं म्हणून, बाकी नशीब.

सातारची_सून
आमचा अनुभव कडू आहे, पण लिहिते. हाउन्स्लोत असताना ओळखीतून एक बाई मिळाल्या, घरीच मुलं सांभाळायच्या, पैसे निम्मे. नोंदणी आहे का हे विचारायचं सुचलंच नाही. आपल्याकडच्या पाळणाघराच्या काकू असतात तसंच वाटलं. एक दिवस लवकर घ्यायला गेले तर आठ मुलं, सगळी टीव्हीसमोर, माझी लेक कार सीटमध्ये बांधलेली. घरात बांधलेली. लघवीने भिजलेली. त्याच पावली घेऊन आले.
नंतर कळलं की इंग्लंडात आठ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन आपल्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त सांभाळायचं असेल तर ऑफस्टेडकडे किंवा एखाद्या चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी लागतेच. सहाच्या वर मुलं नाहीत, आणि शाळेच्या वयाखालची साधारण तीनच. हे आधी माहीत असतं तर, हेच मनात येत राहतं.

रेडिंगकर
सातारची_सून, तुझा काही दोष नाही गं. नव्या देशात कोण सांगतं हे सगळं. लेक आता कशी आहे?

सातारची_सून
मस्त. नऊ वर्षांची झाली, मला शिकवते.

मिल्टन_कीन्सची_मावशी
मी स्वतः नोंदणी असलेली चाइल्डमाइंडर आहे, दहा वर्षं झाली. निळी_छत्री, गुरुवारी जाताना कागद बघायला अजिबात संकोचू नकोस. नोंदणीचं प्रमाणपत्र, विमा, लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा दाखला (बारा तासांचा कोर्स, दर तीन वर्षांनी परत). घरातल्या १६ वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघतात) लागते. माझा मुलगा १६ चा झाला तेव्हा त्याचीही झाली. चिडला होता, माझ्याच घरात माझी चौकशी म्हणून. मी म्हटलं, लोक आपलं काळीज माझ्या दारात ठेवून कामाला जातात, त्यांना एवढं विचारायचा हक्क आहे.

आणि हे विचार: दुपारी मोठ्या मुलांना शाळेतून आणायला जाता तेव्हा बाळाची झोप कुठे होते? आमच्यात बहुतेकींची ती वेळ ढकलगाडीत जाते, त्यात गैर काही नाही, पण तुला माहीत हवं. तुम्ही आजारी पडलात तर काय? मी एकटी आहे, मला ताप आला की पाच घरांचं वेळापत्रक कोलमडतं. सुट्टीचे पैसे कोण भरतं तेही करारात वाच. यावरूनच सगळ्यात जास्त मनं दुखावतात.
जमलं तर दुपारी साडेतीनला जा. सकाळी सगळ्यांची घरं आवरलेली असतात.

निळी_छत्री
मावशी, साडेतीनचं लक्षात ठेवलं. दोघींनाही मेसेज टाकते वेळ बदलायला.

एक_बाबा
पैशांचं लिहितो. सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने सांभाळ, हे ऐकून आम्ही खूश झालो होतो. पण ते इंग्लंडात, पात्र नोकरदार आईबाबांना, आणि वर्षातले ३८ आठवडे. आम्ही दोघंही वर्क व्हिसावर, दोघांच्याही व्हिसावर सरकारी निधीचा हक्क नाही अशी अट. म्हणजे ते ३० तास नाहीत आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही नाही. (ते ज्यांना मिळतं त्यांच्या ८ पौंडांवर सरकार २ पौंड घालतं.) तीन वर्षं पूर्ण झाल्यावर शाळेच्या पुढच्या टर्मपासून १५ तास मात्र सगळ्या मुलांना. तोवर बायकोचा जवळजवळ सगळा पगार तिकडेच जातोय. तरी तिने नोकरी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.
ज्यांना ३० तास लागू आहेत त्यांनी त्याचा सरकारी कोड टर्म सुरू व्हायच्या आत घ्या आणि दर तीन महिन्यांनी परत पक्का करा. आणि तुमची चाइल्डमाइंडर हे तास घेते का ते आधी विचारा, सगळ्या घेत नाहीत.

डबेवाली_स्लाव
बाबा, आम्ही पण त्यातून गेलोय. सरतात ती वर्षं. आमच्याकडे सहा महिने आई, मग सहा महिने सासूबाई, व्हिजिटर व्हिसावर. विमानतळावर एक उतरायची नि दुसरी चढायची, मधे लोणच्याची बरणी हातोहात!

म्युनिकहून
इथे टागेसमुटर म्हणतात, दिवसाची आई. शब्दच किती गोड आहे. युगेंडआम्टचा, म्हणजे इथल्या सरकारी बालकल्याण कार्यालयाचा, परवाना लागतो, एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं. २०१३ पासून पहिल्या वाढदिवसानंतर जागेचा कायदेशीर हक्क आहे, तरी आमच्या भागात जागा मिळता मिळता सात महिने गेले. आमची रोज, पावसातसुद्धा, मुलांना बाहेर न्यायची. मी आधी घाबरले, सर्दी होईल म्हणून. आता लेकच मला ओढून नेते.
कुणाकडे डिंकाच्या लाडवांचं प्रमाण आहे का? बहीण बाळंत होणार आहे.

कोथरूडची_आजी
मी पुण्यात माझ्याच घरात पाळणाघर चालवलं, १९८९ ते २०११. ना दाखला होता ना कुणी तपासायला आलं. मुलांच्या आया फक्त स्वयंपाकघरात डोकावून जायच्या. तुमचं वाचून वाटतं, कुणी तरी येऊन बघायला हवं होतं. माझ्याकडे काही लपवण्यासारखं नव्हतं, पण मुलांच्या बाजूने बघणारं कुणी तरी असायला हवं होतं.
डिंक अर्धा पाव, खारीक पावडर पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, गूळ चवीने. डिंक तुपात अगदी मंद आचेवर फुलव, आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो.

म्युनिकहून
आजी, खूप खूप आभार!

वारा_एडिनबरा
स्कॉटलंडमध्ये ऑफस्टेड नाही, केअर इन्स्पेक्टोरेट. अहवाल तसेच साइटवर वाचता येतात. मी तीनही जुने अहवाल वाचले होते, नुसता शेरा नाही. एकात लिहिलं होतं की मुलं रडली तर ती लगेच दुसरीकडे लक्ष वळवत नाही, आधी जवळ बसते. त्या एका वाक्यावर फोन लावला.
पहिले दोन महिने मुलगा तिच्याकडून घरी यायला तयार नसायचा, मला बघून रडायचा. मला फार लागायचं ते. तिनेच एकदा सांगितलं, तो तुझ्याजवळ रडतो कारण तुझ्याजवळ रडता येतं.

रेडिंगकर
वारा, हे मला २०१४ मध्ये कुणी सांगायला हवं होतं.

निळी_छत्री
आले जाऊन. पहिलं घर नाही. कागद सगळे बरोबर होते, पण बाळाचं नाव तीनदा चुकीचं घेतलं आणि एकदाही परत विचारलं नाही. दुसरीकडे साडेतीनला पोचले. शाळेतून आलेली दोन मुलं बूट काढत होती, एक बाळ झोपलेलं, गॅसवर काहीतरी उतू जात होतं. तिने आधी गॅस बंद केला, मग बाळाला बघून आली, मग माझ्याकडे वळली आणि नाव विचारलं. म्हणाली, परत म्हणा, मला नीट म्हणायचंय. चार वेळा म्हणवून घेतलं.
सोमवारपासून एक तास, मी सोबत. मग हळूहळू वाढवायचं. डब्यात काय देऊ? मऊ भात नि मेतकूट चालेल का? रेडिंगमध्ये मेतकूट मिळतं कुठे?

रेडिंगकर
माझ्याकडे पुण्याहून आलेला अख्खा डबा आहे. रविवारी आणून देते, पत्ता खाजगी निरोपात पाठव.