लेबल क्रीम फ्लोरिबंडाचं (गुच्छात फुलणारा गुलाब), फुलं तीन रंगांची. कलम बदललं गेलंय का?

कुंडीवाली
कळी धरली तेव्हा टोकाला चक्क जर्दाळूची झाक. म्हटलं, झालं, चुकीचं रोप आलं. दुसऱ्या दिवशी उमलली ती सायीसारखी, मधे पिवळट. तिसऱ्या दिवशी दुपारी पांढरीफटक! आत्ता एकाच गुच्छात सात कळ्याफुलं आहेत आणि तिन्ही रंग हजर. वर दोन फुलांवर बारीक गुलाबी ठिपके, लाल शाईचं पेन झटकल्यासारखे. ही आइसबर्ग, ती पांढरी जात, तर नाही ना?

डोळाभरू
रोप बरोबर आहे, ठेवा. पाकळीतला पिवळा रंग उन्हानं उडतो, म्हणून शिळं फूल पांढरं. गारठ्यात हीच फुलं बघा, कळीची झाक गडद येईल आणि क्रीम जास्त दिवस टिकेल. माझ्याकडे फ्रेंच लेस जात आहे (वॉरिनर यांनी तयार केलेली, अमेरिकेतल्या एएआरएस या गुलाब-पुरस्काराची १९८२ची विजेती), तिचंही हेच. आइसबर्ग कोर्डेस या जर्मन गुलाब-पैदासकारांची, १९५८ची. थंडीत तिच्या कळीवर गुलाबी छटा येते खरी, पण ती उमलते पांढरीच. सायीचा रंग तिच्यात शोधू नका.
ठिपके बहुतेक बोट्रायटिस बुरशीचे. पाणी वरून घालता का?

कुंडीवाली
घालते. संध्याकाळी, झारीनं, फुलांसकट. 🙈

डोळाभरू
मग तेच. सकाळी, बुंध्याशी घाला. लाल गुलाबावर हे डाग लपतात, क्रीमवर सगळा हिशोब उघडा पडतो. कडा तपकिरी झाल्या तर मात्र फुलकिडे बघा. पांढऱ्या कागदावर फूल झटका, रेघेएवढे किडे चालताना दिसतील.

छाटणीबहाद्दर
रंगाचं राहू द्या, मधली कळी खुडता की नाही? फ्लोरिबंडात गुच्छाच्या मधली आधी फुलते आणि बाकीच्या उमलेपर्यंत ही वाळून मधे काळं भोक. वाटाण्याएवढी असतानाच काढली की उरलेल्या जवळजवळ एकदम उमलतात. गुच्छ संपला की एकेक फूल तोडत बसू नका, अख्खा दांडा खाली, एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या चांगल्या पानाच्या वर कापा.

कुंडीवाली
आज नव्या गुच्छाची मधली कळी खुडली. हात थरथरला, खोटं कशाला सांगू. आत पाहिलं तर पाकळ्या घट्ट गुंडाळलेल्या, बाहेरच्या कडेला जर्दाळू आणि अगदी आत लिंबाच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका. उरलेल्या सहा कशा उमलतात ते कळवते.