कोंबडी, उंदीर, लँप्रे: मॅक्स कूपर यांनी इतके प्राणी का बदलले?

पांढरपेशी:
मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पुढे प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करणाऱ्या बी पेशींवर पीएच.डी. करावी असा विचार आहे. त्या निमित्ताने अमेरिकी प्रतिकारशास्त्रज्ञ मॅक्स कूपर यांच्या कामाविषयी वाचत होते. लसिकापेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या दोन स्वतंत्र शाखा (आजच्या भाषेत बी आणि टी) असतात हे त्यांनी १९६५ मध्ये कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून दाखवले. सत्तरच्या दशकात ते उंदरांच्या गर्भांकडे वळले आणि वयाच्या सत्तरीच्या आसपास लँप्रे या जबडा नसलेल्या जलचरावर काम करू लागले. आमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे, की प्राणी एकदा निवडला की तो सोडू नये, कारण त्याची साधने आणि त्याचे बारकावे हाताशी यायलाच निम्मे आयुष्य जाते. मग कूपर यांच्या या फिरतीमागे काही सूत्र होते, की संधी मिळेल तसे ते वळत गेले? आणि सुरुवातीला कोंबडीच का?

ताम्हण:
प्राणी बदलत गेले, पण प्रश्न शेवटपर्यंत एकच राहिला, असे माझे मत आहे. प्रतिपिंड तयार करणारी पेशी येते कुठून आणि कोणत्या टप्प्यांतून जाते, हा तो प्रश्न. त्याचा उगम बालरुग्णांच्या वॉर्डात आहे, आणि बहुतेक लेख नेमके तेच एका ओळीत उरकतात.

कूपर मुळात बालरोगतज्ज्ञ. १९५७ मध्ये ट्युलेन विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन पुढे ते मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्याकडे आले, जिथे प्रतिकारशक्तीच्या दुर्मिळ जन्मजात विकारांची मुले उपचारांसाठी येत असत. ऑग्डेन ब्रुटन यांनी १९५२ मध्ये वर्णन केलेल्या विकारात रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडे असलेला प्रथिनांचा गट, जवळजवळ नसते. अशा मुलांना जिवाणूंमुळे वारंवार न्यूमोनिया होतो, पण गोवर-कांजिण्यांतून ती बहुधा इतर मुलांसारखीच बरी होतात. उलट विस्कॉट-ऑल्ड्रिच विकाराच्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे असूनही नागिणीच्या कुळातले विषाणू त्यांना आवरत नाहीत. थायमस या ग्रंथीतून निघालेली लसिकापेशीच पुढे प्लाझ्मा पेशी होऊन प्रतिपिंडे तयार करते, अशी तेव्हाची प्रचलित समजूत होती. वंश असा एकच असता तर हे दोन विकार एकमेकांच्या इतके उलट दिसले नसते, ही शंका कूपर यांना तिथे आली.

कोंबडीकडे जाण्याचे कारण सरळ आहे. पक्ष्यांमध्ये थायमसखेरीज फॅब्रिशियसचा बर्सा नावाची एक वेगळी पिशवी असते. ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हे विद्यार्थी तिचे कार्य शोधण्यासाठी पिलांमधून ती काढून टाकत होते, पण वाढीत फारसा फरक दिसेना. टिमथी चँग या सहविद्यार्थ्याला वर्गात साल्मोनेलाविरुद्धची प्रतिपिंडे दाखवायची होती. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या नेल्या, आणि बर्सा काढलेल्या कोंबड्यांमध्ये प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. हा निबंध १९५६ मध्ये कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापला गेला, त्यामुळे प्रतिकारशास्त्रज्ञांचे त्याकडे बराच काळ लक्ष गेले नाही. ऑस्ट्रेलियात वॉर्नर आणि झेनबर्ग यांनीही १९६२ च्या सुमारास दोन्ही अवयवांची कामे वेगळी असावीत असे मांडले होते. हे श्रेय वगळून कूपर यांची गोष्ट सांगितली जाते, ते मला पटत नाही.

तरीही निकाल संदिग्ध राहत, कारण पिलू अंड्यातून बाहेर येईपर्यंत काही पेशी त्या अवयवांतून निघून शरीरभर पसरलेल्या असतात. कूपर, पीटरसन आणि गुड यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिलांचा थायमस किंवा बर्सा काढला आणि त्यांना जवळजवळ प्राणघातक मात्रेचे क्ष-किरण दिले, म्हणजे आधी पसरलेल्या पेशीही नष्ट झाल्या. मग चित्र स्वच्छ झाले. बर्सा नसलेल्या पिलांमध्ये ना प्लाझ्मा पेशी होत्या ना प्रतिपिंडे, मात्र लसिकापेशी भरपूर होत्या. थायमस नसलेल्या पिलांत लसिकापेशी घटल्या, परक्या त्वचेचे कलम नाकारण्याची ताकद मंदावली, पण प्लाझ्मा पेशी आणि इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडांची प्रथिने) टिकून राहिले. पुढे ‘बी’ हे अक्षर आले ते या बर्सावरून, आणि ‘टी’ थायमसवरून.

खुराडा:
मी कुक्कुटपालन क्षेत्रातला पशुवैद्य आहे. ‘कोंबडीच का’ याचे उत्तर आम्हाला शवविच्छेदनाच्या टेबलावर नेहमी दिसते. पक्षी उघडून विष्ठाद्वाराच्या वरच्या अंगाला पाहिले की मोठ्या बोराएवढी, आत घड्या असलेली पिशवी सापडते. गंबोरो हा विषाणूजन्य रोग झालेल्या तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांमध्ये ती सुरुवातीला सुजते, तिच्यावर पिवळसर, जेलीसारखा थर येतो, कधी आत रक्तस्राव दिसतो, आणि आठवडाभरात ती आक्रसून लहानशी उरते. या रोगाचा विषाणू मुख्यतः बर्सातल्या अपरिपक्व बी पेशींवरच हल्ला करतो. त्यातून वाचलेल्या कळपाला मानमोडीची लासोटा लस वेळेवर दिली तरी प्रतिपिंडे पुरेशी चढत नाहीत. मग शेतकरी लसीला दोष देतो, आणि त्याला समजावताना आमची पुरेवाट होते. ग्लिक यांनी शस्त्रक्रियेने जे केले, तेच हा विषाणू शेडमध्ये करतो. पक्ष्यांमध्ये बी पेशींचे माहेर एका पिशवीत असते आणि ती पिशवी वेगळी काढता येते. उंदरात ही सोय नाही.

पांढरपेशी:
दोघांचेही आभार. पण सस्तन प्राण्यांमध्ये बर्सा नसेल, तर कूपर यांनी पुढचे काम कशाच्या आधारावर केले? आणि लँप्रेचा या सगळ्याशी काय संबंध?

ताम्हण:
पहिल्या प्रश्नाने त्यांची जवळजवळ दहा वर्षे घेतली, आणि आधी दिशा चुकली. सशाचे अपेंडिक्स आणि आतड्यातल्या पेयर यांच्या लसिकापट्ट्या काढून पाहिल्यावर कूपर आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये आतड्यातल्या लसिका ऊतींनाच बर्साची जागा देऊ केली होती. १९६७ मध्ये ते बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठात गेले. तिथे किंकेड आणि लॉटन यांच्यासह त्यांनी कोंबडीच्या भ्रूणांना आयजीएमविरोधी प्रतिपिंडे दिली, तेव्हा आयजीएमबरोबर आयजीजीचीही निर्मिती थांबली (हे दोन्ही प्रतिपिंडांचे प्रकार). आयजीजी बनवणाऱ्या पेशी आयजीएमवाल्या पेशींपासूनच येतात, हे त्यातून पुढे आले.

१९७४ मध्ये लंडनला जॉन ओवेन आणि मार्टिन रॅफ यांच्याबरोबर त्यांनी उंदराच्या गर्भाच्या यकृताचे तुकडे शरीराबाहेर वाढवले, आणि त्यात बी पेशी तयार होताना दिसल्या. म्हणजे सस्तन प्राण्यांत हे काम गर्भावस्थेत यकृतात आणि नंतर अस्थिमज्जेत चालते. वेगळी पिशवी शोधण्यात अर्थच नव्हता. दोन वर्षांनी आतमध्ये आयजीएमचा अंश असलेली, पण पृष्ठभागावर ते नसलेली पूर्व-बी पेशी (बी पेशीची आधीची अवस्था) त्यांनी दाखवली. माझ्या दृष्टीने हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत उपयोगी शोध आहे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात पूर्व-बी हा वेगळा प्रकार १९७८ मध्ये ओळखला गेला, तो याच आधारावर.

लँप्रेचे म्हणाल, तर तोही त्याच प्रश्नाचा भाग आहे. दोन शाखांची ही व्यवस्था किती जुनी? लँप्रेचे पूर्वज आपल्या पूर्वजांपासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि त्याच्याकडे इम्युनोग्लोब्युलिन नाही. पॅन्सर, कूपर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की त्याच्या लसिकापेशी ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असलेले तुकडे जोडून अगदी वेगळ्या बांधणीचे ग्राहक रेणू घडवतात. २००९ पर्यंत असेही दिसले की त्या पेशींच्याही दोन शाखा असून एक आपल्या बी पेशींसारखी, तर दुसरी टी पेशींसारखी वागते. रेणू निराळे, पण कामाची वाटणी तीच. यासाठी ते पंचाहत्तरीच्या सुमारास अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेले.

तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे चूक नाही. फक्त हे लक्षात घ्या की कूपर प्रत्येक वेळी त्या प्राण्याचे जाणकार सोबत घेऊन गेले. गर्भाच्या ऊती शरीराबाहेर वाढवण्यात ओवेन आधीच पारंगत होते.

दवबिंदू:
मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून वॉर्डापुरते लिहिते. सहा महिन्यांपर्यंत आईकडून आलेली प्रतिपिंडे बाळाला सांभाळतात, त्यानंतर कानाचे आणि छातीचे संसर्ग सुरू होतात. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलाच्या घशात टॉर्च मारल्यावर टॉन्सिल सुजलेले दिसण्याऐवजी जवळजवळ दिसतच नाहीत, तेव्हा ब्रुटनच्या विकाराची शंका घ्यायची, कारण टॉन्सिलचा बराचसा भाग बी पेशींचा असतो. याच मुलांच्या अस्थिमज्जेत पूर्व-बी पेशी असतात पण त्या पुढे सरकत नाहीत, हे कूपर यांच्या गटाने सत्तरच्या दशकाच्या शेवटी दाखवले. अडथळा नेमका बीटीके या जनुकात आहे, हे १९९३ मध्ये दोन गटांनी शोधले. त्याच बीटीकेला रोखणारे इब्रुटिनिब हे औषध आज काही लिम्फोमांमध्ये (लसिकापेशींच्या कर्करोगांमध्ये) वापरले जाते.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, आणि अशा जन्मजात विकारांचे निदान तिथे होते. पांढरपेशी, पीएच.डी.साठी अर्ज करण्याआधी तिथे उन्हाळी प्रकल्प मिळतो का ते विचारून पाहा. फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीच्या) आलेखात बी पेशींचा ठिपक्यांचा पुंजका जिथे असायला हवा तिथली जागा कोरी दिसते, ते एकदा स्वतः पाहावे.