मदत हवी आहे: गोधडीसाठी सुई कोणत्या नंबरची?

सिंगल बेडची गोधडी हाताने घालतेय. वर सुती तुकडे, मध्ये जुन्या सुती साडीच्या चार घड्या, खाली मायक्रोफायबरची नवी चादर. भरतकामाच्या दोऱ्याचे तीन पदर, सुई शार्प (साधी शिवणाची) ९ नंबर. सुई मधोमध वाकते, दोरा नेढ्यापाशी पिंजतो. दाभण घ्यावं का?

रंगीतचिंधी: दाभण नको. ते पोत्यासाठी. जुन्या साडीचे धागे तुटतात आणि भोक तसंच राहतं.
सुयांचा नंबर उलटा चालतो: आकडा मोठा तितकी सुई बारीक आणि आखूड. शार्पचं नेढं लहान, गोल असतं. तीन पदर त्यात कोंबले की प्रत्येक टाक्याला घासतात, म्हणून पिंजतात. भरतकामाची, म्हणजे क्रूएल सुई ५ नंबर घ्या, नेढं लांबट असतं. सहाही पदर घेणार असाल तर ३.

उसवण: क्विल्टिंगची (परदेशी पद्धतीच्या गोधडीची) खास सुई 'बिटवीन' असते ना? तीच का नको?

रंगीतचिंधी: ती आखूड आणि ताठ, त्यामुळे बारीक टाके छान पडतात. पण नेढं शार्पसारखंच लहान. मेण लावलेला एकेरी क्विल्टिंगचा दोरा आणि पातळ थर असतील तर ८ किंवा ९ पासून सुरुवात करावी. १२ नंबर सरावलेल्या हातालाच. इथे तीन पदर आहेत, तेव्हा नाही.

सुईदोरा: सुई वाकायचं निम्मं कारण ती चादर आहे! मायक्रोफायबरची वीण इतकी दाट असते की कुठलीही सुई अडते. ती काढून मांजरपाट लावा, पण आधी धुऊन खळ घालवा, नाहीतर तोही तसाच कडक. एका वेळी तीन-चारच टाके सुईवर घ्या. लांब सुईवर आठ-दहा भरून ओढलं की ताण मधोमध येतो. इंचाला चार-पाच टाके गोधडीला पुरतात, क्विल्टवाल्यांचे दहा इथे मोजू नका.
दोरा हातभरच. मधल्या बोटात अंगुस्तान.

प्रश्नकर्ती: चादर उसवून काढते. क्रूएलच्या पाकिटावर ३/९ लिहिलंय, ते चालेल?

सुईदोरा: चालेल, त्यात ३ ते ९ सगळे नंबर मिसळ असतात. जाड दिसतील त्या वापरा. पावसाळ्यात सुया कापडात खोचून ठेवू नका, गंजाचा डाग धुऊन जात नाही.