विषय: गुरुवारच्या आत हवं – कंझ्युमर प्रपोजल आणि पुण्यातला फ्लॅट

प्रेषक: सुलभा

नमस्कार मंडळी,

गुरुवारी सकाळी ट्रस्टीकडे (इथे कॅनडात दिवाळखोरी आणि प्रपोजलची प्रकरणं हाताळणारा परवानाधारक) जायचंय, म्हणून घाई. ज्यांच्यासाठी विचारतेय त्यांना तुम्ही ओळखता. ओळखलंत तरी कृपया नाव इथे लिहू नका. कार्डं आणि लाइन ऑफ क्रेडिट (बँकेकडून लागेल तसं उचलायचं कर्ज) मिळून देणं ऐंशी हजार डॉलरच्या वर गेलंय. व्याजदर चढले, घराचा हप्ता वाढला, तेव्हापासून किराणासुद्धा कार्डावर. आता कलेक्शनवाले ऑफिसात फोन करायला लागलेत. प्रपोजल (दिवाळखोरीत न जाता देणं ठरलेल्या हप्त्यांत फेडायचा कायदेशीर प्रस्ताव) करायचं हे नक्की आहे, त्यावर चर्चा नको. अडलंय एकाच ठिकाणी: कोथरूडच्या फ्लॅटवर त्यांच्या आईंच्या नावाखाली त्यांचं दुसरं नाव आहे. पैसे सगळे वडिलांचे, नाव फक्त पुढे त्रास नको म्हणून लावलेलं. तो फ्लॅट इथे दाखवावा लागतो का?

प्रेषक: श्रीकांत

सुलभाताई, दाखवायचा कशाला? इथल्या कुणाला कोथरूड कुठे आहे ते ठाऊक नाही. फारच भीती वाटत असेल तर आधी भावाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाका. रक्ताच्या नात्यात २०० रुपयांच्या मुद्रांकात काम होतं. आमच्या मामांनी केलं.

प्रेषक: मीनल

श्रीकांत, २०० रुपयांची सवलत नवरा-बायको, मुलं आणि नातवंडं यांना, तीही राहतं घर किंवा शेतजमीन असेल तर. भाऊ त्यात येत नाही. मामांनी मुलाला दिलं असेल. आमच्या नाशिकच्या घराच्या वेळी याच गैरसमजापायी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात भावाभावांत वाजलं होतं.

प्रेषक: अनघा

मुद्रांक बाजूला ठेवा. बक्षीसपत्र अजिबात करू नका, हे कळकळीने सांगते. मी ट्रस्टीच्या ऑफिसात फायली तयार करते, त्यामुळे हे रोज बघते.

कायद्याला मालमत्ता म्हणजे जगात कुठेही असलेली मालमत्ता. फॉर्म ७९ वर (मालमत्ता आणि देण्यांचं विवरण) सगळं लिहून शपथेवर सही करावी लागते. त्याच फॉर्मवर विचारलेलं असतं की गेल्या ५ वर्षांत काही विकलंत का, कुणाच्या नावावर केलंत का, नातेवाइकांना ५०० डॉलरच्या वर भेट दिलीत का. आज बक्षीसपत्र करून गुरुवारी तिथे 'नाही' लिहिलं तर तो गुन्हा. 'हो' लिहिलं तर तेच बक्षीसपत्र तपासलं जाणार. म्हणजे जो फ्लॅट दाखवून सुखरूप राहिला असता, तोच लपवून अडचणीत आणायचा.

दाखवला म्हणजे गेला, असं नाही. प्रपोजलमध्ये मालमत्ता कुणी काढून नेत नाही. देणेकरी, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचेत त्या बँका वगैरे, एवढंच बघतात की हा माणूस दिवाळखोरीत गेला असता तर हाती किती आलं असतं आणि प्रपोजलमध्ये त्याहून जास्त येतंय का. त्यामुळे फ्लॅटमधला त्याचा हिस्सा किती, यावर सगळं अवलंबून. पैसे वडिलांचे असतील तर ते कागदाने दिसू द्या: खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), वडिलांच्या पासबुकातल्या बिल्डरला दिलेल्या चेकच्या नोंदी. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला) दरही काढून ठेवा. नुसतं 'नावापुरतं आहे' म्हणून भागत नाही.

आणि ताई, लाइन ऑफ क्रेडिटवर बायकोची सही आहे का? असेल तर त्याच्या एकट्याच्या प्रपोजलने ती सुटत नाही, बँक तिच्याकडे वळते. तसं असल्यास दोघांचं एकत्र करता येतं का, हे गुरुवारी पहिल्यांदा विचारा.

प्रेषक: प्रकाश

ही ईमेलची यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. गणपतीच्या वेळी स्टेजच्या पैशांवरून जे झालं त्यानंतर आपण नियम केला होता. दुसरं, कुणाबद्दल चाललंय हे सगळ्यांना कळतंय, म्हणून विचारणं भाग आहे. अशी व्यक्ती कार्यकारिणीत राहू शकते का? मंडळ नोंदणीकृत आहे.

प्रेषक: मीनल

काका, नियम वादावादीबद्दल होता, मदत मागण्याबद्दल नाही.

प्रेषक: अनघा

प्रकाशकाका, कायद्यापुरतं सांगते. ऑन्टॅरिओच्या ना-नफा संस्थांच्या कायद्यानुसार दिवाळखोर ठरलेली व्यक्ती संचालक राहू शकत नाही. प्रपोजल केलेली व्यक्ती दिवाळखोर नसते. त्यामुळे कुणालाही राजीनामा द्यावा लागत नाही, आणि तो इथे कुणी मागूही नये.

प्रेषक: मिलिंद

आमच्या शेजारच्या कुटुंबाचं सांगतो. रेडिओवरची जाहिरात ऐकून एका 'डेट कन्सल्टंट'कडे गेले. त्याने कित्येक महिने फी घेतली, फॉर्म भरून घेतले आणि शेवटी ट्रस्टीकडेच पाठवलं. प्रपोजल दाखल करायचा अधिकार परवानाधारक ट्रस्टीलाच आहे. त्याची फी सरकारने ठरवलेली असते आणि ती महिन्याच्या हप्त्यातूनच जाते, वर वेगळं काही द्यावं लागत नाही. पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट. सुलभाताई, गुरुवारचा माणूस खरंच परवानाधारक आहे ना? सुपरिंटेंडंट ऑफ बँकरप्सीच्या (ट्रस्टींवर देखरेख करणारं सरकारी कार्यालय) साइटवर नाव टाकून बघा.

प्रेषक: राजश्री

याच निमित्ताने विचारते. आमच्या भाच्याला आईवडिलांना स्पॉन्सर करून इथे आणायचंय आणि त्याच्यावरही बरीच देणी आहेत. प्रपोजल केलं तर अर्ज अडतो का?

प्रेषक: मिलिंद

राजश्रीताई, दिवाळखोरीत असताना, डिस्चार्ज (दिवाळखोरीतून सुटका) मिळेपर्यंत स्पॉन्सर करता येत नाही. प्रपोजलला तो नियम लागत नाही. उत्पन्नाची अट वेगळी, ती पुरी करावीच लागते. घाबरून थेट बँकरप्सीकडे जाणाऱ्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

प्रेषक: श्रीकांत

अनघा, समजलं. बक्षीसपत्राचं मागे घेतो. पण बँकांनी प्रपोजल फेटाळलं तर? आणि फोन कधी थांबतात?

प्रेषक: अनघा

फोन दाखल केल्याबरोबर थांबायला हवेत. पगारावरची जप्तीही थांबते. पुढे देणेकऱ्यांना ४५ दिवस मिळतात. त्यात कुणी सभा मागितली नाही तर प्रपोजल मान्य झालं असं धरतात. सभा झाली तर रकमेच्या बहुमतावर ठरतं, म्हणून सगळ्यात मोठ्या बँकेचं काय म्हणणं आहे ते महत्त्वाचं. नकार आला तरी आकडा वाढवून बोलता येतं. मुदत जास्तीत जास्त ५ वर्षांची. तीन हप्त्यांइतकी रक्कम थकली की प्रपोजल रद्द होतं, म्हणून आज जोरात असलेल्या ओव्हरटाइमवर विसंबून हप्ता ठरवू नका. दरमहा खरंच परवडेल तेवढाच बोला.

प्रेषक: सुलभा

सर्वांचे आभार. ट्रस्टीचं नाव साइटवर सापडलं, परवाना चालू आहे. लाइन ऑफ क्रेडिटवर दोघांची सही आहे, ते विचारून घेतो. दिराने इंडेक्स टूचा फोटो पाठवलाय, पण तो सगळा मराठीत आहे आणि ट्रस्टीला इंग्रजीत लागणार. बुधवार रात्रीपर्यंत कुणी करून देईल का?

प्रेषक: प्रकाश

सुलभा, मला पाठव, यादीवर टाकू नकोस. खरेदीखताची पहिली दोन पानं आणि शेवटचं परिशिष्टही पाठव. रक्कम कुणी कशी दिली ते बहुधा परिशिष्टात असतं.