दुसऱ्यांच्या झेंड्यासमोर आपण

परक्या देशात तिथल्या लोकांचा देशाभिमान उतू जाताना पाहिलाय? तेव्हा तुम्ही काय केलंत? उभे राहिलात, टाळ्या वाजवल्यात की नुसते फोटो काढलेत? अनुभव लिहा. कुठला देश भारी, हा वाद मात्र नको. सुरुवात मीच करते.

१७ मे, ऑस्लो. १८१४ साली याच दिवशी नॉर्वेची राज्यघटना झाली. संचलन म्हटल्यावर मी रणगाड्यांची वाट बघत होते. आली ती शाळेची पोरं! तासन्‌तास नुसती पोरं, प्रत्येक शाळेचा फलक वेगळा, घसे बसेपर्यंत हुर्रे, आणि राजवाड्याच्या सज्जातून हात हलवणारं राजघराणं. एक चिमुरडी बुनाड घालून आलेली. भरतकाम केलेला तिथला पारंपरिक पोशाख, छातीवर चांदीचा ब्रोच. बुटाची नाडी सुटली तशी रस्त्यातच बसली, झेंडा दातांत धरला, नाडी बांधली आणि पळाली. शेजारच्या आजी मला म्हणाल्या, "अभिनंदन!" कशाबद्दल? मग कळलं, त्या दिवशी सगळे एकमेकांना असंच म्हणतात. त्यांनी पर्समधून एक कागदी झेंडा काढून हातात दिला. मी हलवला. छान वाटलं, आणि जरा चोरट्यासारखंही.

तुमच्या अनुभवापेक्षा माझा एकदम उलटा. इस्तंबूल, १० नोव्हेंबर, सकाळी ९ वाजून ५ मिनिटं. १९३८ मध्ये आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क गेले ती वेळ. भोंगे सुरू झाले आणि आमचा टॅक्सीवाला भर रस्त्यात गाडी थांबवून, दार तसंच उघडं टाकून खाली उतरून ताठ उभा राहिला. मी मागच्या सीटवर. उतरावं की नाही? एक पाय बाहेर, एक आत, असा भोंगा थांबेपर्यंत अवघडून बसलो. नंतर तो अवाक्षर बोलला नाही, आणि मीही.

माझा किस्सा डेन्मार्कचा. ऑफिसात एका टेबलावर झेंडा दिसला. राष्ट्रीय सण समजून मी गंभीर चेहऱ्याने शुभेच्छा दिल्या. त्या बाईंचा वाढदिवस होता!

२००६ चा फुटबॉल विश्वचषक. मी तेव्हा जर्मनीत शिकत होतो. गाड्यांवर, खिडक्यांत, पोरांच्या गालांवर झेंडे. आमच्या म्हाताऱ्या घरमालकीणबाई मात्र पडदा ओढून घ्यायच्या. लहानपणी युद्ध पाहिलेली बाई, मी काय विचारणार? नातवाने त्यांच्याच बाल्कनीत झेंडा लावला, तरी चकार शब्द काढला नाही. जर्मनी तिसरी आली, नातू झेंडा विसरून घरी गेला. पाऊस लागून तो चोळामोळा झाला होता. बाईंनी काढला, इस्त्री केली, घडी घालून टेबलक्लॉथांच्या खणात ठेवला.