मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन काबो एस्पिशेलला

नमस्कार मंडळी. मी लिस्बनमध्ये राहतो. पुढच्या महिन्यात आई-बाबा येत आहेत आणि त्यांना सेझिंब्रा गावाजवळचं काबो एस्पिशेल हे समुद्रात शिरलेलं उंच भूशिर दाखवायचं मनात आहे. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर ती चालते, पण चढ-उतार आणि खडी तिला जमत नाही.

तिथल्या मेरीच्या देवळाची कथा आईला फार भावली. खेचरावर बसून माउली समुद्रातून कडा चढून वर आली, आणि खडकावर खेचराच्या पावलांचे ठसे उमटले! प्रत्यक्षात ते डायनोसोरच्या पावलांचे ठसे निघाले. पण त्या कथेवर विश्वास ठेवून यात्रेकरू शतकानुशतकं येत राहिले. १८व्या शतकातल्या चर्चसमोर त्यांच्यासाठी बांधलेल्या खोल्यांच्या दोन लांबच लांब ओळी आहेत. आपल्याकडच्या धर्मशाळाच जणू. ते पटांगण आईला दाखवायचंच आहे.

कुणी अलीकडे गेलं असल्यास सांगा: गाडी चर्चच्या किती जवळ जाते? कड्याच्या टोकाला असलेल्या छोट्या मेमरी चॅपलपर्यंतची वाट तिला जमेल का? ठसे खाली न उतरता, वरूनच नीट दिसतात का? बाबांना १७९०चं दीपगृह आतून पाहायचंय. पोर्तुगालमध्ये बरीच दीपगृहं बुधवारी दुपारी उघडी असतात, तसं इथेही आहे का?

वारा भयंकर असतो म्हणतात, म्हणून सकाळी जावं की दुपारी, तेही सांगा. जवळपास स्वच्छतागृह आहे का, हे आईसाठी सगळ्यात महत्त्वाचं.