प्रतिसाद: आयटीआयचा पैसा, दिलाय पण उधारीवर
वर कुणीतरी लिहिलंय की सरकार आयटीआयला (औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना) पैसेच देत नाही. तसं सरसकट नाहीये हो. २००७-०८ पासून पुढच्या काही वर्षांत केंद्राने १३९६ सरकारी आयटीआयसाठी योजना आणून प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत दिले, पण अनुदान नाही, बिनव्याजी कर्ज! पहिली १० वर्षं हप्त्यांना सूट, मग २० वर्षांत संस्थेच्या व्यवस्थापन समितीने फेडायचं, आता जिथे फी नाममात्र तिथे हप्ते आणणार कुठून, वेल्डिंगची गेटं विकून? २०२५ मध्ये परत ६०,००० कोटींची योजना मंजूर झालीय, केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उरलेले १०,००० इंडस्ट्रीकडून. सीएनसी मशीन (संगणकावर चालणारं) येईलही पण निदेशकाची, म्हणजे शिकवणाऱ्याची जागाच रिकामी असली तर ते चालवायला शिकवणार कोण?